सिस्टरची नादारी

सिस्टरला हळू बोलता येत नसे. वडाळे तलावाजवळच्या आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर राहायची आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तरी तिच्याकडे आज सुकट आहे की वालाची आमटी, दूधवाल्याचा तिने काय उद्धार केला, दवाखान्यात कुणाला टाके पडले, हे सगळं आम्हाला घरबसल्या कळायचं. सरकारी दवाखान्यात तर त्या आवाजाची गरजच होती. जासई, ओवे, कुठकुठून आलेले लोक बाकांवर दाटीवाटीने बसलेले असत. सिस्टर दारात उभी राहून नाव पुकारायची ते रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत ऐकू जायचं. तिला स्वतःचं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. पनवेलात नुसतं ‘सिस्टर’ म्हटलं की ती. बाकीच्या सिस्टरांना नाव जोडावं लागायचं.

खोटा दिलासा देणं तिला जमत नसे. इंजेक्शन देताना ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असं तिने कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. “दुखणार आहे. ओरडायचं तर ओरड, हात हलवायचा नाही,” असं ती म्हणायची. गंमत म्हणजे मुलं तिच्याकडेच जायला तयार असत. माझी मुलगी तापात असताना दुसरी सिस्टर गोड बोलत आली तर तिने हात पाठीमागे लपवला होता.

ती चिरनेरची. वडील लवकर गेले, घरी भाताचं थोडं शेत, आई आणि पाठचा एकुलता भाऊ बाळाराम. गावातून नर्सिंग शिकायला मुंबईला गेलेली ती पहिली मुलगी. दवाखान्यात ती अगदी छापील मराठी बोलायची, “कृपया रांग मोडू नका” वगैरे. राग आला किंवा माया दाटून आली की मात्र थेट चिरनेर बाहेर यायचं. “आमी काय येडे हाव काय?” असं कानावर आलं की वॉर्डात सगळे सरळ बसत. लग्न का केलं नाही, असं एकदा मी विचारलं तर म्हणाली, “सवडच झाली नाही.” बाळारामचं शिक्षण, त्याचं लग्न, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं तिच्या पगारातून झालं होतं.

मी तेव्हा शाळेत शिकवायचे, म्हणून ती मला ‘मास्तरीण’ म्हणे. वयाने ती माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. सुरुवातीला मी ‘अहो सिस्टर’ म्हणायला गेले, तर तांदळाची गरम भाकरी माझ्या ताटाच्या वर धरून म्हणाली, “अहो म्हणणाऱ्यांना भाकरी नाही.” त्या दिवसापासून मी तिला ‘तू’ म्हणू लागले.

नवं बंदर सुरू झालं आणि उरणच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागली, ते दिवस. शेतात कंटेनर उभे राहू लागले होते. ज्याच्याकडे चार पैसे होते तो गाडी घेत होता आणि ज्याच्याकडे नव्हते तो कर्ज काढून घेत होता. बाळारामनेही एका फायनान्स कंपनीकडून ट्रेलर घेतला. जामीन कोण? नोकरीवाली बहीण. सिस्टरने सही केली. पेढे वाटले. आमच्या इमारतीसमोर तो लांबलचक ट्रेलर आणून उभा केला तेव्हा रस्ताच बंद झाला, आणि सिस्टरने हळदीकुंकू वाहून असा काही नारळ फोडला की पाणी माझ्या नवऱ्याच्या शर्टावर उडालं.

वर्षभर बरं चाललं. मग ज्या यार्डाचं काम बाळारामला मिळत होतं ते एका मोठ्या वाहतूकदाराकडे गेलं आणि ट्रेलर जासईच्या रस्त्याकडेला नुसता उभा राहू लागला. हप्ता चुकू नये म्हणून पतपेढीतून कर्ज काढलं, जामीन पुन्हा सिस्टर. पतपेढीचा हप्ता चुकू नये म्हणून नानाकडून घेतले. नाना म्हणजे टपाल नाक्याजवळ बसणारा एक गृहस्थ. जमिनीचे पैसे आल्यावर त्याने व्याजाने पैसे द्यायचा धंदा सुरू केला होता. परवाना बिरवाना काही नव्हता, कोऱ्या कागदावर अंगठा नाही तर सही. आणि शेवटी, एकदाच एका महिन्यासाठी म्हणून, सिस्टरने वॉर्डातल्या आयाकडून, रखमाबाईकडून, तिच्या मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे घेतले. तो महिना उलटला. फायनान्स कंपनीने ट्रेलर ओढून नेला, लिलावात मातीमोल विकला आणि उरलेल्या रकमेची नोटीस जामीनदाराला पाठवली. बाळाराम एक दिवस कुणाला न सांगता गुजरातकडे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून निघून गेला.

हे मला कळलं ते जिन्यात. दुपारची वेळ, मी शाळेतून येत होते. सिस्टर पायरीवर बसून वाल सोलत होती. मला बघून नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “मास्तरीण, मी बुडाले गं.”

इमारतीतली तीन दारं उघडली. माझे यजमान रात्रपाळी करून झोपले होते, तेही बाहेर आले. “सिस्टर, जरा हळू,” ते म्हणाले.

“का? तुमच्याकडून तर घेतले नाहीत?” सिस्टर म्हणाली. मग तिने कुणाचे किती, कशासाठी, कधी घेतलेले, सगळं तोंडपाठ सांगितलं. अगदी रुग्णाचा इतिहास डॉक्टरला सांगावा तसं. शेवटी म्हणाली, “गेले सहा महिने मी हे कुजबुजत होते. याच्याशी हळूच, त्याच्याशी हळूच. कर्ज कुजबुजलं की वाढतं, मास्तरीण. आजपासून मोठ्याने.”

सल्ल्यांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, दुसऱ्या पतपेढीतून काढ आणि पहिली भागव. “म्हणजे तीच जखम, पट्टी नवी,” सिस्टर म्हणाली. तिच्या बरोबरच्या एका नर्सने मस्कतचा पत्ता दिला. तिकडे नर्सला इथल्या कितीतरी पट पगार मिळतो, एकदा विमानात बसलीस की कोण येतंय मागे? सिस्टरने त्याचा दिवसभर विचार केला हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी ती गप्प होती. संध्याकाळी वर आली आणि म्हणाली, “बाळ्या पळाला. घरातून एकाने पळालं तेवढं पुरे.” चिरनेरच्या मामांनी तर शेत विकायचं गिऱ्हाईकच आणलं. तिथे मात्र तिचा पुस्तकी मुखवटा गळून पडला. “शेत आयचं हाय. सही मी केली, शेताने नाय केली!”

मीच तिला वकीलकाकांकडे नेलं. ते माझ्या वडिलांचे जुने स्नेही, बाजारपेठेतल्या एका माडीवर बसायचे. काळा कोट धुऊन धुऊन राखाडी झालेला आणि आवाज इतका बारीक की पंखा बंद करावा लागे. सिस्टर आणि ते समोरासमोर बसले तेव्हा मला हसू आवरेना. तिने सगळी हकीकत सांगितली ती खाली किराणावाल्यानेही ऐकली असणार.

“नियमित पगार आहे ना?” वकीलकाकांनी पहिला प्रश्न विचारला.

“पगार आहे. राहत नाही.”

“आहे हे महत्त्वाचं. आता ऐका. काहीच केलं नाहीत तर एकेक जण दावा लावील आणि पगारावर जप्ती आणील. सगळा पगार कुणाला नेता येत नाही, पोटापुरता कायदा राखून ठेवतो. पण जो आधी कोर्टात पोचेल तो आधी ओढील आणि तुम्ही वर्षानुवर्षं ओढल्या जाल. दुसरा रस्ता नादारीचा. जिल्हा न्यायालयात आपण होऊन अर्ज करायचा, की माझं देणं माझ्या ऐपतीबाहेर गेलं आहे. कोर्टाने नादार ठरवलं की दावेबिवे थांबतात, सगळे धनको, म्हणजे ज्यांचं तुम्ही देणं लागता ते, एका ओळीत उभे राहतात. मग, तुम्हाला पगार आहे म्हणून, आपण कोर्टासमोर तडजोड मांडू शकतो. दरमहा अमुक इतके, सगळ्यांना प्रमाणात, इतक्या वर्षांत. धनकोंपैकी निम्म्याहून जास्त लोक तयार हवेत, आणि देण्यातला तीन चतुर्थांश हिस्सा त्यांचा हवा. मग कोर्ट पाहतं आणि मान्य करतं. मान्य केलं की नादारीचा हुकूमही रद्द होतो.”

“नादार म्हणजे दिवाळखोर ना?” सिस्टरने विचारलं. एवढ्या बोलण्यात तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

“हो.”

“माझ्या नावापुढे लिहिणार?”

“काही महिने. आणि एक अडचण आहे. तुम्ही सरकारी नोकर. हे वरिष्ठांना स्वतः होऊन कळवावं लागेल. कर्ज उधळपट्टीचं नाही, तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झालं, हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल. नाही पटलं तर नोकरीवर येऊ शकतं.”

सिस्टरने पदर खोचला. “नोकरी गेली तर तडजोडही गेली.”

“बरोबर.”

“आणि लपवलं तर?”

“तर मग नक्की जाईल.”

“मग प्रश्नच कुठे उरला?” ती उठली. जिन्यावरून उतरताना मात्र तिने माझा दंड घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. हे तिनेच मला सांगितलं. डॉक्टर भला माणूस, पण भित्रा. ते म्हणाले, “सिस्टर, हे लेखी देऊच नका. मी काही ऐकलं नाही असं समजतो.” तर ही म्हणाली, “सर, आता ऐकलंत. बाहेरच्या रांगेनेही ऐकलं.” तिने लेखी दिलं. वरून चौकशी आली, जबाब झाले, आणि जवळजवळ एक पावसाळाभर तिची नोकरी अधांतरी होती. तेवढ्या दिवसांत तिने एकही रजा घेतली नाही. गणवेशाला दुप्पट खळ. “चौकशीवाल्याला सुरकुती दिसता कामा नये,” म्हणायची.

अर्ज दाखल झाल्याचं कळताच नाना दवाखान्यात आला. मुद्दाम सकाळच्या गर्दीत. मी नेमकी मुलीला घेऊन गेले होते. दारात उभा राहून तो म्हणाला, “काय सिस्टर, दिवाळं काढलं म्हनं? माजे पैशे कवा देनार?”

सिस्टरच्या हातात एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी होती. ती तिने गाठ मारून पुरी केली, हात धुतले आणि मग नानाकडे वळली.

“हो, देणं लागते,” ती म्हणाली. रसवंतीवाल्याने चरक थांबवला असेल, असा आवाज. “तुझं मुद्दल लागते. तू मुद्दल दिलंस ते मी घेतलं, ते मी देईन, कोर्टासमोर देईन. दर महिन्याला मुद्दलावर चढवत गेलास ते व्याज मात्र न्यायाधीशांना समजावून सांग. परवाना घेऊन ये येताना. आणि आता इथे आजारी माणसं बसलीत. तुला काय होतंय? नसेल होत काही, तर बाहेर हो.”

नाना गेला. तो बाहेर पडताच ती औषधांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी मागोमाग गेले. ती स्टुलावर बसली होती. “पाणी दे,” म्हणाली. पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि पुन्हा दारात जाऊन पुढचं नाव पुकारलं.

वकीलकाकांचं म्हणणं होतं की बिनपरवान्याच्या सावकाराला एक पैसाही द्यायची गरज नाही, कोर्टच त्याला उभं करणार नाही. सिस्टर ऐकेना. “घेतलेलं घेतलं. त्याचं वागणं वाईट, म्हणून माझं घेणं खोटं होतं का?” काकांनी कपाळाला हात लावला आणि नानाचं मुद्दल धरलं. त्यामुळे नादारीचा हुकूम झाला तेव्हा धनको ठरले चार: फायनान्स कंपनी, पतपेढी, नाना आणि रखमाबाई.

खरा पेच रखमाबाईचा होता. सिस्टरला वाटत होतं, तिचे पैसे आधी, पुरे, गुपचूप देऊन टाकावेत. पोरीचं लग्न ठरत आलेलं. स्वतःच्या कानातल्या कुड्या विकायला ती निघाली होती. वकीलकाकांनी तिला बारीक आवाजातच पण कडक अडवलं. “नादारीत आवडता-नावडता धनको नसतो, सिस्टर. पंगतीत सगळ्यांना एकच वाढप. एकीला आधी जेवू घातलंत, तर कोर्ट ती पंगतच मोडील. आणि त्या कुड्याही आता अर्जातल्या मालमत्तेत नोंदलेल्या आहेत.”

त्या दिवशी मी सिस्टरला रडताना पाहिलं, एकदाच. रखमाबाईला तिने घरी बोलावलं, खाली बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. तुझे पैसे बुडणार नाहीत, पण तुला आधी देता येत नाहीत, बाकीच्यांबरोबर थोडे थोडे येतील. रखमाबाईने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, “लगीन पुढच्या मोसमात ढकलू. पोरगी काय नासत नाय.” आणि थोड्या वेळाने, “च्या टाका की.”

नानाने एक गोष्ट हेरली होती. चारांपैकी तिघे तयार असले तर तडजोड होणार. कंपनी आणि पतपेढी तयार होती, काहीच न मिळण्यापेक्षा हप्ता बरा, एवढा हिशेब त्यांना कळत होता. तेव्हा सगळं रखमाबाईवर येऊन अडकलं. नाना तिच्या झोपडीवर गेला आणि म्हणाला, तुझे पुरे पैसे आज मी मोजतो, तू फक्त अलिबागच्या कोर्टात येऊ नको, आणि आलीस तर नको म्हण. तडजोड फिसकटली की सिस्टर शेत विकायला तयार होईल, असा त्याचा डाव. रखमाबाईने काय उत्तर दिलं हे आम्हाला कळलं नाही. त्यामुळे अलिबागच्या एसटीत सिस्टर माझ्याशेजारी बसून पेण मागे पडलं तरी एक शब्दही बोलली नाही. वडखळला खिडकीतून पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसल्या तेव्हा म्हणाली, “नाही आली तर मी तिला दोष देणार नाही. तिची पोर आहे.”

रखमाबाई आमच्या आधीच पोचली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात, इस्त्रीचं लुगडं नेसून, चपला बाजूला काढून बसलेली. तिला असल्या जागी चपला घालायच्या की नाही ते ठरवता येईना म्हणून काढल्या होत्या.

आत न्यायाधीशांनी प्रस्ताव वाचून दाखवला. मुद्दल रुपयाला रुपया, पुढचं व्याज माफ, दरमहा पगारातून ठरलेला हिस्सा, पाच वर्षं. नाना उभा राहून तावातावाने बोलला, ही बाई लबाड आहे, भावाला पैसे देऊन पळवलंय, हिचं गावी शेत आहे. न्यायाधीशांनी शेत कुणाच्या नावावर विचारलं. आईच्या. मग त्यांनी एकेका धनकोला विचारलं. कंपनीचा माणूस, हो. पतपेढीचे चिटणीस, हो. नाना, नाही. मग रखमाबाई.

“तुम्हाला हे मान्य आहे का?”

“काय?”

“या बाई तुमचे पैसे पाच वर्षांत थोडे थोडे देणार. चालेल?”

रखमाबाईने सिस्टरकडे पाहिलं. मग नानाकडे पाहून म्हणाली, “ह्याने मना पुरे देतो म्हनून सांगितलं व्हतं, साहेब. नको म्हन, बोलला. मी त्याला काय बोलले ते हितं बोलायचं नाय.” आणि न्यायाधीशांकडे वळून, “चालंल. तिच्या हातचं कायबी चालतं.”

तडजोड मान्य झाली आणि नानाचा चेहरा पडला. न्यायाधीशांनी त्याला उभं करून परवान्याबद्दल दोन प्रश्न विचारले. त्यानंतर टपाल नाक्याजवळची त्याची बैठक पुष्कळ दिवस रिकामी दिसायची.

बाहेर आल्यावर सिस्टरने आम्हा सगळ्यांना चहा पाजला, कंपनीच्या माणसालासुद्धा. तो संकोचून म्हणाला, “मॅडम, आमचेच पैसे तुम्ही…” ती म्हणाली, “प्या हो. हा चहा माझ्या पोटाच्या हिश्श्यातला आहे. कायद्याने राखलेला.” येताना पोयनाडपासून पनवेलपर्यंत ती अखंड बोलत होती, आणि मागच्या बाकावरच्या लोकांनाही तिची केस पाठ झाली.

चौकशीही तिच्या बाजूने संपली. हप्ते सुरू झाले. त्या वर्षांत ती कशी राहिली ते मी रोज पाहत होते. मासळी आठवड्यातून एकदा, रेडिओ बिघडला तो तसाच, नव्या साड्या बंद. पण तिने तोंड लपवलं नाही. लग्नाला बोलावलं तर जायची आणि आहेराच्या जागी दोन दिवस नवरीच्या घरी राबून यायची. “मी नादार होते, नालायक नव्हते,” हे तिचं त्या काळातलं आवडतं वाक्य.

दुसऱ्या वर्षी बाळाराम परत आला. दाढी वाढलेला, पायरीवर येऊन बसला, आत यायची हिंमत होईना. सिस्टर ड्यूटीवरून आली. मी वरून बघत होते. मला वाटलं आता सगळी इमारत हादरणार. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “जेवलास?” त्याने मान हलवली, नाही. “हातपाय धू.” त्याच्या ताटात भाकरी पडली, आणि भाकरीबरोबर हेही, की त्याच्या ड्रायव्हरकीच्या पगारातला निम्मा दर महिन्याला तिच्याकडे येईल. “तुझा वाटा. उपकार नको करू.” तो वाटा दर महिन्याला येत राहिला. तडजोडीतलं देणं मुदतीआधीच फिटलं. रखमाबाईच्या मुलीच्या लग्नात बाळाराम वाढप्या होता.

मग लोक येऊ लागले. एसटीतला एक वाहक, माझ्या शाळेतले एक सर, कारखान्यातला एक फिटर. पगार असलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली, आतून पोखरलेली माणसं. सिस्टर त्यांना ड्यूटी संपल्यावर दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात बसवायची आणि पहिली अट घालायची, “बायकोला सांगितलंय?” नसेल सांगितलं, तर परत पाठवायची. “आधी घरात मोठ्याने बोलून या. मग वकिलाकडे पाठवते.” कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागायची, पुष्कळांचं कोर्टाबाहेरच मिटायचं. चार धनको एकत्र बसवले, पगार समोर ठेवला की बहुतेक माणसं शहाणी होतात, असा तिचा अनुभव.

त्या माणसांमध्ये एक दिवस माझे यजमान होते. तळोज्याचा त्यांचा कारखाना डबघाईला आला होता, पगार अर्धा झाला होता आणि त्यांनी तीन ठिकाणांहून उचल केली होती. मला पत्ता नव्हता. सिस्टरने त्यांना ड्यूटीच्या गणवेशातच दंडाला धरून दोन मजले वर आणलं आणि माझ्यासमोर बसवलं. “बोला,” म्हणाली. ते बोलले. सुरुवातीला ऐकूच येईना. “मोठ्याने,” सिस्टर म्हणाली. मी खूप चिडले, खूप रडले, आणि मग कागद घेऊन माझा पगार मांडला. आम्हाला कोर्टात जावं लागलं नाही. पण त्या दुपारी आमच्या घरात जे दार उघडलं ते पुन्हा बंद झालं नाही. आजही आमच्याकडे पैशांचं बोलणं जेवताना, मुलीसमोर, साध्या आवाजात होतं. मुलीला तर लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या घरात असंच असतं.

निवृत्तीनंतर सिस्टर चिरनेरला गेली. आईच्या शेताच्या कडेला बाळारामने दोन खोल्या बांधल्या होत्या. मी वर्षातून एक-दोनदा जायचे. गावातही तिच्या ओटीवर कुणी ना कुणी बसलेलंच असायचं, कुणाचा रक्तदाब, कुणाचा हप्ता. शेवटी शेवटी तिचा आवाज बसला होता. ती म्हणायची, “आता तुम्हीच मोठ्याने बोला.”

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी आणि यजमान दोघंही निघालो. बाराव्याला अंगणात माणूस मावत नव्हतं. नर्सा, आया, वाहक, मास्तर, रखमाबाई नातवाला घेऊन आलेली. जेवणं झाल्यावर बाळाराम उभा राहिला. असला काही रिवाज नाही, त्याचं त्यालाच सुचलं असावं. हात जोडून म्हणाला, “बायने कुनाचं काय ठेवलं नाय, असं मी समजतो. पन कुनाचं काय बायकडं राह्यलं असंल, तर आता सगळ्यांसमोर बोला. मी देनार.”

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. यजमानांनी मान खाली घातली. तेवढ्यात मागून, कुंपणाजवळून, एक म्हातारी चुळबुळली. बाजारात नारळ विकणारी होती ती.

“तसं काय नाय रं,” ती म्हणाली. “गेल्या म्हयन्यात दोन नारल नेले व्हते. सुटे नव्हते तिच्याकडं. जावं दे.”

“जावं दे नाय,” बाळाराम म्हणाला. “किती?”

म्हातारीने रक्कम सांगितली. त्याने खिशात हात घातला, सुटे निघाले नाहीत. मग चार जणांनी आपापले खिसे चाचपले, रखमाबाईच्या नातवाच्या मुठीतूनही एक नाणं निघालं, आणि भरल्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, नारळांचे पैसे मोजून म्हातारीच्या हातावर ठेवले गेले. तिने ते पुन्हा मोजले. “बराबर हाय,” ती मोठ्याने म्हणाली.